छेद केवढा, यापेक्षा हात कोणाचा

अन्ननलिकेचा कर्करोग बहुतेकदा जेवताना पहिल्यांदा जाणवतो. आधी भाकरीचा घास अडकतो. मग पोळी रश्शात कुस्करून खाल्ली जाते, पुढे भात तेवढा उतरतो आणि शेवटी पेजेचा घोटही छातीत थबकतो. अन्ननलिका लवचिक असते. त्यामुळे गाठीने बरीचशी वाट अडवेपर्यंत माणसाला फारसे काही कळत नाही, आणि कळू लागले तरी पित्ताच्या गोळ्या आणि गुळण्या यांत आठवडेच्या आठवडे निघून जातात. दुर्बीण टाकून तपासणी होते, तुकड्याचा रिपोर्ट येतो, तेव्हा घरचे डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतात: ‘ऑपरेशन दुर्बिणीने होईल का? रोबोटने केले तर?’

प्रश्न रास्त आहे. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेची धास्ती खोटी नाही आणि लहान छेदांतून केलेल्या शस्त्रक्रियेचे फायदेही खोटे नाहीत. मात्र ते फायदे यंत्राबरोबर आपोआप येत नाहीत. ते मिळतात सरावलेल्या हातांतून, त्या हातांमागे उभ्या असलेल्या व्यवस्थेतून आणि वेळेवर झालेल्या निदानातून. आपल्याकडे चर्चा यंत्राची होते. ती या तीन गोष्टींची व्हायला हवी.

या आजाराचा आवाका आधी पाहू. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी जगात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ४ लाख ४५ हजार जण त्याने दगावले. भारतात नवे रुग्ण ७० हजारांच्या आसपास होते आणि मृत्यू ६६ हजारांच्या. नवे रुग्ण आणि मृत्यू यांचे आकडे इतके जवळ असणे, हेच या रोगाचे खरे रूप आहे. बहुतेक रुग्ण उशिरा पोहोचतात आणि पोहोचलेल्यांपैकी थोड्यांनाच शस्त्रक्रियेचा लाभ घेता येतो. म्हणूनच ज्यांना तो घेता येतो, त्यांच्यावरची शस्त्रक्रिया नीट होणे अधिकच मोलाचे ठरते.

अन्ननलिकेपर्यंत पोहोचणे हीच शल्यविशारदाची पहिली कसोटी असते. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची ही नळी मानेतून छातीत आणि छातीतून पोटात उतरते. तिच्या पुढे श्वासनलिका आणि हृदय, मागे पाठीचा कणा, शेजारी महाधमनी आणि दोन्ही बाजूंना फुप्फुसे. न्यूयॉर्कच्या जर्मन हॉस्पिटलमध्ये १९१३ साली फ्रान्झ टोरेक यांनी ६७ वर्षांच्या एका महिलेची छातीतली अन्ननलिका काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. काढलेल्या भागाच्या जागी बसवण्यासारखे काहीच तेव्हा हाताशी नव्हते. मानेतले छिद्र आणि जठरातले छिद्र शरीराबाहेरून रबरी नळीने जोडण्यात आले. ती महिला त्या नळीतून अन्न घेत पुढे १३ वर्षे जगली. १९४६मध्ये ब्रिटिश शल्यविशारद आयव्हर लुईस यांनी पोट आणि उजवी छाती उघडून, जठर वर ओढून ते उरलेल्या अन्ननलिकेला जोडण्याची पद्धत मांडली. आजही जगभर हीच पद्धत पायाभूत मानली जाते. पण तिची किंमत मोठी होती. बरगड्या फाकवून केलेला लांब छेद, त्यानंतर प्रत्येक श्वासाला होणारी वेदना, वेदनेमुळे दाबून ठेवलेला खोकला, छातीत साचलेला कफ आणि त्यातून न्यूमोनिया. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही रुग्ण फुप्फुसांच्या संसर्गाने जाई.

लहान छेदांच्या शस्त्रक्रियेने नेमकी ही साखळी तोडण्याचा प्रयत्न केला. ब्रिटनमध्ये आल्फ्रेड कुशिएरी यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला छातीत दुर्बीण घालून अन्ननलिका सोडवण्याचे तंत्र मांडले आणि अमेरिकेत पिट्सबर्गच्या जेम्स लुकेटिच यांच्या पथकाने ते मोठ्या प्रमाणावर वापरले. भारताचा वाटाही लहान नाही. कोइम्बतूरचे डॉ. सी. पलानिवेलू यांनी रुग्णाला पालथे झोपवून केलेल्या १३० शस्त्रक्रियांचा अनुभव २००६मध्ये प्रसिद्ध केला आणि जगभरच्या शल्यविशारदांनी त्याची दखल घेतली. पालथ्या स्थितीत फुप्फुस आणि हृदय स्वतःच्या वजनाने पुढे सरकतात, अन्ननलिका समोर मोकळी दिसते आणि फुप्फुस हाताने वा हत्याराने बाजूला दाबून धरावे लागत नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये प्रत्यक्षात काय घडते, हे समजून घेतले पाहिजे. छातीच्या उजव्या बाजूला ५ ते १२ मिलिमीटरचे तीन-चार छेद घेतले जातात. एकातून कॅमेरा आत जातो, बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारे. पडद्यावर मोठ्या दिसणाऱ्या चित्राकडे पाहत अन्ननलिका श्वासनलिकेपासून आणि महाधमनीपासून अलगद सोडवली जाते. तिच्या भोवतालच्या लसिका ग्रंथी काढल्या जातात, कारण रोग तिथेच आधी पसरतो. यांतल्या काही ग्रंथी स्वरयंत्राकडे जाणाऱ्या बारीक मज्जातंतूला खेटून असतात. त्या तंतूला इजा झाली, तर आवाज बसतो आणि पाणी पिताना ठसका लागून ते श्वासमार्गात जाऊ शकते. मग रुग्णाला उताणे करून पोटातल्या छेदांतून जठर मोकळे केले जाते. त्याची मोठी वक्र कड आणि तिच्याबरोबर जाणारी रक्तवाहिनी जपून, स्टेपलरने जठर कापत त्याची अरुंद नळी तयार होते. ही नळी छातीत वा मानेपर्यंत वर नेऊन उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. सगळा भरवसा या जोडणीवर असतो. नळीच्या टोकाला रक्त नीट पोहोचले नाही, तर जोड गळतो. गळती छातीत झाली, तर ती जिवावर बेतते. छेद लहान केल्याने यातला एकही टप्पा सोपा होत नाही. शरीरावर बाहेरून होणारा घाव तेवढा कमी होतो.

घाव कमी झाल्याने रुग्णाचे किती भले होते, हे पडताळून पाहिले गेले आहे. नेदरलँड्स, स्पेन आणि इटलीतील रुग्णालयांनी ११५ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२मध्ये आले. छाती उघडून शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २९ टक्क्यांना पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसांचा संसर्ग झाला. लहान छेदांच्या गटात हे प्रमाण ९ टक्के होते. फ्रान्समध्ये २०७ रुग्णांच्या चाचणीत पोटाचा टप्पा दुर्बिणीने आणि छातीचा टप्पा नेहमीसारखा केला गेला. २०१९मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार मोठी गुंतागुंत ६४ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर आली आणि तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण घटले नाही. नेदरलँड्समधील उट्रेख्तच्या रोबोटिक शस्त्रक्रियेच्या चाचणीतही एकूण गुंतागुंत ८० वरून ५९ टक्क्यांवर आली. कमी वेदना, कमी न्यूमोनिया, लवकर हिंडूफिरू लागणे हे लाभ ठोस आहेत. ज्या रुग्णाला ते सुरक्षितपणे मिळू शकतात, त्याला ते मिळालेच पाहिजेत.

पण २०१२ सालचाच दुसरा एक निष्कर्ष यासोबत वाचायला हवा. इंग्लंडमध्ये अनेक वर्षांत झालेल्या साडेसात हजार अन्ननलिका-शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांपैकी अकराशेहून अधिक लहान छेदांच्या होत्या. देशभरातल्या या शस्त्रक्रियांत मृत्यूचे प्रमाण दोन्ही पद्धतींत जवळपास सारखेच निघाले. फुप्फुसांच्या गुंतागुंतीतही ठळक फरक दिसला नाही. उलट लहान छेदांच्या गटात पुन्हा हस्तक्षेप करावा लागण्याचे प्रमाण थोडे जास्त होते. निवडक केंद्रांतल्या चाचणीत तेच तंत्र तारक ठरले आणि सर्वत्र पसरल्यावर त्याचा लाभ विरून गेला. दोन्ही ठिकाणी हत्यारे सारखीच होती. त्यांच्यामागचा सराव मात्र सारखा नव्हता.

हा सराव किती लागतो, याचेही मोजमाप झाले आहे. युरोपातील चार रुग्णालयांच्या अभ्यासात लहान छेदांच्या आयव्हर लुईस शस्त्रक्रियेत जोडणीच्या गळतीचे प्रमाण स्थिरावायला सुमारे १२० शस्त्रक्रिया जाव्या लागल्या. सुरुवातीला जवळपास १९ टक्क्यांवर असलेली गळती शेवटी साडेचार टक्क्यांवर आली. शिकण्याच्या या काळात ज्यांचा जोड गळला, त्यांच्यापैकी अनेकांची गळती अनुभवी हातांत टळली असती. अमेरिकेतल्या वृद्ध रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या २००२च्या अभ्यासात अन्ननलिका काढल्यानंतरचा मृत्युदर अगदी कमी शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयांत सुमारे २० टक्के आणि भरपूर शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयांत सुमारे ८ टक्के आढळला. नेदरलँड्सने यावरून धडा घेतला. २०११पासून तिथे वर्षाला किमान २० अशा शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयालाच त्या करता येतात.

अनुभवी रुग्णालय म्हणजे एकटा निष्णात शल्यविशारद नव्हे. शस्त्रक्रियेत एका फुप्फुसाचा श्वास सांभाळणारा भूलतज्ज्ञ तिथे हवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढलेली नाडी आणि किंचित ताप पाहून गळतीची शंका घेणारी परिचारिका हवी. रात्री दोन वाजता सीटी स्कॅन करून तो वाचणारा डॉक्टर हवा, आणि गळती बुजवण्यासाठी दुर्बिणीतून स्टेंट घालू शकणारा गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट हवा. गुंतागुंत सगळीकडेच होते. चांगल्या केंद्रात ती वेळेत ओळखली जाते आणि रुग्ण वाचतो.

रोबोटकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे. रोबोट स्वतः शस्त्रक्रिया करत नाही. थोड्या अंतरावर कन्सोलपाशी बसलेल्या शल्यविशारदाच्या हाताची हालचाल तो मनगटासारख्या वळणाऱ्या बारीक हत्यारांपर्यंत पोहोचवतो आणि त्रिमितीय चित्र दाखवतो. मानेच्या मुळाशी, अरुंद जागेत ग्रंथी काढताना त्याचा उपयोग होतो. मात्र चीनमधील सहा केंद्रांत झालेल्या चाचणीत रोबोटिक आणि साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची थेट तुलना झाली, तेव्हा वेळ वाचला, पण एकूण गुंतागुंतीत ठळक फरक आढळला नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तरबेज असलेल्या डॉक्टरकडे रोबोट नाही, म्हणून रुग्णाने मनाला लावून घेण्याचे कारण नाही. रोबोटसाठी दागिने मोडण्याचे किंवा जमीन गहाण ठेवण्याचे तर मुळीच नाही.

घशाच्या कर्करोगातही हाच विवेक लागतो. १९७०च्या दशकाच्या आरंभी बोस्टनमध्ये स्वरयंत्रावर कार्बन डायऑक्साइड लेझर वापरला जाऊ लागला आणि पुढे जर्मनीतल्या वोल्फगांग श्टायनर यांनी तोंडावाटे सूक्ष्मदर्शकाखाली गाठ काढण्याचे तंत्र विकसित केले. मानेवर छेद नाही, गळ्याला कायमचे छिद्र नाही. स्वरतंतूंवरची अगदी सुरुवातीची गाठ असेल, तर लेझर आणि रेडिएशन हे दोन्ही उपाय उत्तम यश देतात. २००९मध्ये टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या सुरुवातीच्या गाठींसाठी तोंडावाटे रोबोटिक शस्त्रक्रियेला अमेरिकेत मान्यता मिळाली. पूर्वी इथवर पोहोचायला कित्येकदा जबड्याचे हाड कापावे लागे. तिथे ही मोठीच सुटका होती. पण कॅनडातून सुरू झालेल्या चाचणीत शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांची तुलना झाली, तेव्हा गिळण्याच्या क्षमतेत शस्त्रक्रिया सरस ठरली नाही. तिच्या पुढच्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या गटात उपचारांशी निगडित मृत्यू झाल्याने नवे रुग्ण घेणे थांबवण्यात आले. म्हणजे काही रुग्णांसाठी शस्त्रक्रिया न करणे, हाच शरीराला कमीत कमी इजा करणारा मार्ग असू शकतो. तो ठरवण्यासाठी शल्यविशारद, रेडिएशनतज्ज्ञ आणि औषधोपचारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून रुग्णाचे कागद पाहायला हवेत. अन्ननलिकेच्या बाबतीतही आधी केमो आणि रेडिएशन, मग शस्त्रक्रिया, या क्रमाने २०१२च्या डच चाचणीत मध्यक (मीडियन) आयुर्मान २४ महिन्यांवरून सुमारे ४९ महिन्यांवर गेले. छेदाच्या लांबीपेक्षा उपचारांचा क्रम नीट ठरवल्याने अधिक आयुष्य मिळू शकते, ही जाणीव रुग्णापर्यंत पोहोचली पाहिजे.

छेद लहान म्हणजे परिणाम चांगलाच, हे गृहीतही धरता येत नाही. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात लहान छेदांतून गर्भाशय काढलेल्या स्त्रियांमध्ये रोग उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त असल्याचे २०१८मध्ये आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले आणि तिथे जगभर पाऊल मागे घेतले गेले. अन्ननलिकेच्या बाबतीत पुरावा लहान छेदांच्या बाजूने आहे. तो तसाच राहावा, यासाठी नोंदी ठेवल्या पाहिजेत आणि त्या उघड केल्या पाहिजेत.

एकही छेद न घेता बरे होण्याचा मार्गही आहे, पण तो अगदी लवकर आलेल्यांसाठीच खुला असतो. तपासणीच्या वेळी अन्ननलिकेत आयोडीनचे द्रावण फवारले, की निरोगी अस्तर गडद तपकिरी होते आणि बिघडलेला भाग फिकट, पिवळसर उरतो. डोळ्यांना एरवी न दिसणारी कडा अशी उमटते. रोग अस्तराच्या वरच्या थरातच असेल, तर त्याखाली द्रव सोडून तो भाग उचलला जातो आणि दुर्बिणीतूनच सबंध कापून काढला जातो. जपानने हे तंत्र घडवले. अन्ननलिका शाबूत राहते आणि रुग्ण काही दिवसांत घरी जातो. आपल्याकडे हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

ते का, याची उत्तरे आणि या रोगाची मुळेही आपल्या गावांत आहेत. विदर्भातला खर्रा, घरोघरी बायकांच्या दातांवर फिरणारी मशेरी, चुना-तंबाखू, बिडी, दारू. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२मध्ये बंदी घातली, तरी तो अजून टपऱ्यांवर मिळतो. तंबाखू आणि दारू एकत्र आली, की अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. अशी सवय असलेल्या माणसाला घास अडकू लागला किंवा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसला, तर आणखी एक गोळी बदलून न देता त्याला लगेच दुर्बिणीच्या तपासणीला पाठवले पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला आणि आशाताईंना हा एक नियम पाठ असला, तरी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत वेळेत पोहोचणाऱ्यांची संख्या बदलेल.

त्यापुढचे काम शासनाचे आहे. परळचे टाटा मेमोरियल १९४१पासून देशभरच्या रुग्णांचा भार वाहते आहे. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, अशी केंद्रे राज्यात आहेत. प्रत्येक जिल्ह्यात रोबोट नेण्याची घोषणा आकर्षक वाटेल, पण वर्षाला चार-पाच अन्ननलिका-शस्त्रक्रिया होणाऱ्या ठिकाणी तो रुग्णाच्या हिताचा नाही. मोजकी केंद्रे निवडावीत, तिथे पूर्ण पथके उभी करावीत आणि नव्या शल्यविशारदांना निष्णात हातांच्या देखरेखीखाली शिकू द्यावे. जिल्हा रुग्णालयांनी निदान, केमो आणि शस्त्रक्रियेनंतरची देखभाल सांभाळावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयाला योजनेत घेताना तिथे वर्षाला किती शस्त्रक्रिया होतात, ९० दिवसांत किती रुग्ण दगावतात आणि किती जोड गळतात, हे आकडे मागावेत आणि प्रसिद्ध करावेत. केंद्रे मोजकी असतील, तर लांबून येणाऱ्यांच्या राहण्याची सोयही करावी लागेल. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने टाटाच्या रुग्णांना दिलेला आसरा किती मोलाचा आहे, हे तिथे राहिलेल्या कुटुंबांना विचारावे. तेवढी जबाबदारी सरकारनेही उचलावी.

रुग्णाच्या हातीही बरेच काही आहे. तंबाखू निदानाच्या दिवसापासूनच बंद. शस्त्रक्रियेआधीच्या आठवड्यांत प्लॅस्टिकच्या नळीतून श्वास ओढून उपकरणातले तीन छोटे चेंडू वर उचलण्याचा साधा व्यायाम रोज अनेकदा करायचा, दात आणि तोंड स्वच्छ ठेवायचे, गरज पडल्यास नळीवाटे पोषण घेऊन वजन सावरायचे. शस्त्रक्रियेनंतर जठराची पिशवी उरलेली नसते. म्हणून थोडे थोडे, दिवसातून सहा-सात वेळा खायचे, जेवल्यावर लगेच आडवे व्हायचे नाही आणि उशाकडची बाजू उंच ठेवून झोपायचे. घरच्यांनी हे आधीच समजून घेतले, तर पुढचे महिने सुसह्य होतात.

आणि डॉक्टरांना विचारायचा प्रश्नही थोडा बदलायला हवा. ‘दुर्बिणीने कराल का’, याच्या जोडीला ‘तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, जोड गळला तर रात्री कोण असते, आणि माझ्यासाठी शस्त्रक्रियेखेरीज दुसरा मार्ग आहे का’, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावला जात नाही. उत्तर समाधानकारक असेल आणि त्याने छाती उघडूनच शस्त्रक्रिया करावी लागेल असे सांगितले, तर तो सल्ला मानावा. लहान छेदांच्या शस्त्रक्रियेने कर्करोगाच्या रुग्णाला खरोखर मोठा दिलासा दिला आहे. तो परवडणाऱ्यांपुरता आणि महानगरांपुरता राहू नये असे वाटत असेल, तर यंत्रांच्या खरेदीआधी सरावाची, नोंदींची आणि वेळेवरच्या निदानाची तरतूद अर्थसंकल्पात दिसली पाहिजे.